नेरूळचा डीपीएस तलाव: सुनावणी नसलेल्या शहरात लोकांचा विरोध फाइलपर्यंत कसा पोहोचला

नवी मुंबईत एखाद्या पाणथळ जागेला पत्रे ठोकले गेले, डंपरची ये-जा सुरू झाली की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास एक प्रश्न येतो: याची जनसुनावणी कधी झाली? बहुतेक वेळा खरं उत्तर असं असतं की झालीच नाही, आणि कायद्याप्रमाणे ती घ्यायची गरजही नव्हती.

हे लोकांना पटत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत मंजुरीचे चार टप्पे आहेत: प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणं, लोकांशी सल्लामसलत आणि शेवटी तज्ज्ञ समितीकडून तपासणी. तिसऱ्या टप्प्यावर जनसुनावणी येते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो, ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. पण याच अधिसूचनेने इमारती, टाउनशिप आणि क्षेत्रविकासाचे प्रकल्प या टप्प्यातून वगळले आहेत. जादा भूसंपादन नसेल तर रस्त्याचं रुंदीकरणही वगळलेलं आहे. म्हणून कोकणात औष्णिक वीज प्रकल्प किंवा बंदर आलं की गावात मंडप पडतो, माइक लागतो, लोक तावातावाने बोलतात. घोडबंदर रस्त्यावर टॉवरची रांग उठते किंवा सीवूड्सच्या खाडीकाठी गृहसंकुल यायचं ठरतं, तेव्हा असा मंडप कुठेच पडत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या नागरिकाला अशा प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या वाटेवर बोलायला अधिकृत जागाच ठेवलेली नाही.

मग इथल्या आंदोलनांचा मंजुरीवर परिणाम होतो तरी कसा? नेरूळच्या डीपीएस तलावाच्या प्रकरणात तो झाला. वेळ लागला, सगळं मिळालं नाही, पण झाला. तो ज्या क्रमाने झाला, तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नुसत्या गर्दीमुळे इथे काही हललं नाही. गर्दीने नोंदी तयार केल्या आणि त्या नोंदी ज्या टेबलावर सहीची वेळ आली होती तिथे जाऊन पडल्या, तेव्हा हललं.

जागा आणि पाणी

पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला, दिल्ली पब्लिक स्कूल या शाळेला लागून साधारण ३० एकरांचं हे पाणी आहे. शाळेच्या नावावरूनच सगळे त्याला डीपीएस तलाव म्हणतात. जवळपास एनआरआय संकुलाजवळची आणि टी. एस. चाणक्य संस्थेजवळची अशा आणखी दोन पाणथळ जागा आहेत. पलीकडे सारसोळे, कोळ्यांचं जुनं गाव. तलाव म्हटलं की डोळ्यांपुढे पायऱ्या आणि गोडं पाणी येतं, तसलं इथे काही नाही. ही भरती-ओहोटीची जागा आहे. भरतीला खाडीचं पाणी खारफुटीतून, मोऱ्यांतून, पाइपांतून आत येतं आणि ओहोटीला उतरतं. या येण्याजाण्यावरच तिथलं सगळं जगतं.

ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो असतात. आपले जुने पक्षीनिरीक्षक त्यांना रोहित म्हणतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या मोजणीत त्यांची संख्या लाखाच्या वर गेलेली आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की ते तिथे चरतात. मान खाली घालून चोच उलटी करायची आणि चिखलपाणी गाळून त्यातलं शेवाळ खायचं, असा त्यांचा दिवस. भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ, निवांत जागा हवी असते. डीपीएस, एनआरआय, चाणक्य, उरणकडचं पाणजे आणि खाडीच्या मुंबईकडच्या काठावरचा भांडुप उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) परिसर या त्यांच्या भरतीच्या जागा आहेत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याचं क्षेत्र सुमारे १६.९ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये खाडीचा ६५ चौरस किलोमीटरचा पट्टा रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. पण डीपीएस तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिला. पक्षी दिवसाचा अर्धा भाग संरक्षित क्षेत्रात आणि अर्धा भाग असंरक्षित भूखंडावर काढतात, आणि सगळा झगडा या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे.

पाण्याची वाट बुजली तर काय होतं, हे तिथे उभं राहिलं की दिसतं. आधी कडेचा चिखल वाळून तडकतो. मग मधलं पाणी साचून हिरवं होतं, त्यावर शेवाळाची साय धरते. पक्षी येतात, दोन घिरट्या घालतात आणि उतरत नाहीत. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत भात पिकवला तो बांधाला उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) बसवून, कोणत्या भरतीला किती पाणी आत घ्यायचं याचा हिशेब ठेवून. उघाडी तुंबली की खाजण मरतं, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. सरकारी फाइलमध्ये मात्र हे ज्ञान उतरायला २०२४ साल उजाडावं लागलं.

जमीन कुणाची, आणि ती आहे काय

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. त्यात शेतं होती, मिठागरं होती, खाजणं होती. शहर बसवताना बांध घातले गेले, भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी सांभाळायला धारण तलाव केले गेले. यातूनच सिडकोची भूमिका येते: ही जमीन शहराच्या नियोजनातली आहे, हे पाणी मानवनिर्मित आहे, याला पाणथळ क्षेत्र म्हणता येणार नाही. ही भूमिका नुसती झटकून टाकण्यासारखी नाही, कारण तिला नियमांचा आधार शोधता येतो. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम काही मानवनिर्मित जलसाठे आणि मिठागरं वगळतात, शिवाय सागरी किनारा नियमन क्षेत्रात येणाऱ्या जागाही वगळतात. त्या जागांना किनारा नियमनाचं संरक्षण आहेच, असं त्यामागचं कारण. प्रत्यक्षात एक खातं म्हणतं ही पाणथळ नाही, दुसरं म्हणतं हे आमच्याकडे येत नाही, आणि दोघांच्या मधून डंपर निघून जातो.

इथे आंदोलकांच्या कामी आले ते न्यायालयाचे दोन धागे. पहिला पाणथळ जागांचा. वनशक्ती संस्थेच्या २०१३ च्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या पाणथळ जागांवर भराव टाकायला मनाई केली. दुसरा खारफुटीचा. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाज छागला यांच्या खंडपीठाने खारफुटी तोडायला राज्यभर बंदी घातली, तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम आणि भराव रोखला, आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची तर न्यायालयाची परवानगी सक्तीची केली. या आदेशांमुळे कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या बसल्या. बेलापूरच्या कोकण भवनात तक्रार द्यायची, पाहणी मागायची, अहवाल मागायचा, हा रस्ता त्यातून मिळाला. जनसुनावणीचं दार बंद असलेल्या शहरात हे दुसरं दार लोकांनी न्यायालयातून पाडून घेतलं.

आधीची लढाई: गोल्फ कोर्स

२०२४ चं आंदोलन समजायचं तर जवळच्याच जागेवरची आधीची लढाई पाहावी लागते. एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळ जमिनीवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल यायचं होतं. ही जमीन विकासाला मोकळी करण्यासाठी विकास आराखड्यात फेरबदल केला गेला आणि राज्य सरकारने २०१६ मध्ये त्याला मंजुरी दिली. रहिवासी आणि त्यांची संस्था न्यायालयात गेली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेरबदल रद्द केला. जागा पाणथळ आहे आणि तिच्यावर असा विकास करता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या प्रकल्पाला कुणी पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यावर अडवलं नाही, ही इथली महत्त्वाची गोष्ट. तो अडला जमीनवापराच्या बदलाच्या टप्प्यावर. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, आराखडा करताना आणि त्यात फेरबदल करतानाही, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. प्रकल्पाचं नाव तिथे नसतं, फक्त सेक्टर, भूखंड क्रमांक आणि 'वापरात बदल' एवढंच असतं. पुढे पर्यावरण मंजुरी जी काही तपासणी करते, ती या बदलानंतरची. जमीन आधीच निवासी झालेली असते आणि समितीसमोर सांडपाणी, पार्किंग, झाडं, कचरा एवढेच प्रश्न उरतात. म्हणून मला वाटतं, शहरातली खरी जनसुनावणी ही विकास आराखड्याची सुनावणी आहे, आणि तिथे आपण फार थोडे जण जातो. नवी मुंबई महापालिका १९९२ ची. तिचा पहिला विकास आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडलं. तेव्हा हजारोंनी हरकती आल्या आणि पाणथळ जागा पाणथळ म्हणूनच दाखवा, ही मागणी त्यात ठळक होती. गोल्फ कोर्सच्या खटल्याने शहराला हे शिकवलं होतं.

२०२४: पक्षी मेले आणि माणसं रस्त्यावर आली

नेरूळला जलवाहतुकीसाठी जेट्टी आली. जलवाहतूक शहराला हवीच आहे, सायन-पनवेल महामार्गावर रोज अडकणाऱ्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. तक्रार जेट्टीच्या हेतूबद्दल नव्हती. तिच्या रस्त्याच्या आणि भरावाच्या कामात तलावाकडे येणाऱ्या पाण्याच्या वाटा बुजल्या, असं पर्यावरण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. २०२४ च्या सुरुवातीला जेट्टीच्या परिसरातल्या एका मोठ्या फलकाला धडकून फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या आणि तो फलक हटवला गेला. एप्रिलमध्ये तलावाच्या आसपास काही दिवसांतच अनेक पक्षी मेलेले आणि जखमी सापडले. ज्या शहराने 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून भिंती रंगवल्या, चौकाचौकांत गुलाबी पुतळे बसवले, त्याच शहरात खऱ्या पक्ष्याला उतरायला पाणी उरलं नव्हतं. लोक बाहेर पडले ते या संतापाने.

तलावाकाठी मानवी साखळ्या झाल्या. शाळकरी मुलं, निवृत्त माणसं, पक्ष्यांचे फोटो काढणारे, सकाळी फिरायला येणारे असे सगळे होते. नॅटकनेक्ट फाउंडेशनचे बी. एन. कुमार आणि इतर संस्थांचे कार्यकर्ते सतत पत्रं पाठवत होते: मुख्यमंत्र्यांना, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला, खारफुटी सांभाळणाऱ्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाला, सिडकोला. मग २० मे आला. ठाणे आणि मुंबईत त्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं. त्याच रात्री घाटकोपरवर, मुंबई विमानतळावर उतरत असलेल्या विमानाची फ्लेमिंगोंच्या थव्याला धडक बसली आणि जवळपास चाळीस पक्षी मेले. हा थवा नेरूळमधून हुसकला गेला म्हणूनच तिकडे गेला, असं तेव्हा काहींनी ठामपणे म्हटलं. इतकं थेट म्हणायला पुरावा हवा, आणि आंदोलनाने न सिद्ध झालेली गोष्ट छातीठोकपणे सांगितली की समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. पण त्या रात्रीनंतर एक प्रश्न टाळता येईना: पक्ष्यांच्या भरतीच्या जागा बिघडवल्या तर ते कुठे जाणार?

या प्रश्नाने वादाची बाजू पालटली. तोवर नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या नावाने उलटा युक्तिवाद होत असे: विमानतळाजवळ पाणथळ जागा नकोत, पक्षी धडकतील. बीएनएचएसच्या अभ्यासाची दिशा याच्या बरोबर विरुद्ध होती. डीपीएस, एनआरआय, चाणक्य या जागा राखल्या तर पक्षी तिथे थांबतील. त्या संपवल्या तर ते नव्या जागा शोधत विमानतळाच्या बाजूला सरकतील. म्हणजे तलाव वाचवणं हा विमान सुरक्षेचाच भाग झाला. पक्ष्यांचं सौंदर्य, निसर्गाचं देणं, पुढच्या पिढ्या, हे सगळं खरं असलं तरी सही करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची भीती वाटत नाही. विमानाला धोका आणि न्यायालयाचा अवमान या दोन गोष्टींची वाटते. आंदोलनाने या दोन्ही गोष्टी लेखी मांडल्या, तिथून उत्तरं यायला लागली.

एक अर्ज जवळून

हरकतीचा अर्ज कसा असतो यावर बरंच काही ठरतं, म्हणून जरा थांबतो. पहिला नमुना असा: 'आमच्या शहराचं फुप्फुस वाचवा, फ्लेमिंगोंना न्याय द्या, प्रकल्प ताबडतोब रद्द करा.' खाली दोनशे सह्या. कार्यालयात त्याच्यावर आवक क्रमांक पडतो आणि उत्तराच्या रकान्यात 'नोंद घेतली' असं लिहिलं जातं. नोंद घेतली म्हटलं की कायद्याने विषय संपतो.

दुसरा नमुना असा. अमुक सेक्टरच्या बाजूने तलावात येणारी मोरी अमुक ठिकाणी आहे. अमुक तारखेला, उधाणाच्या भरतीला, पाणी मोरीच्या तोंडापर्यंत आलं आणि आत गेलं नाही. तारीख, वेळ आणि जागेसह फोटो जोडले आहेत. मोरीपासून खारफुटी ५० मीटरच्या आत आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या आदेशाप्रमाणे या पट्ट्यात भराव टाकता येत नाही. तरी हा भराव कोणत्या परवानगीने टाकला, तिची प्रत द्यावी, आणि मोरी कोणत्या तारखेपर्यंत मोकळी करणार ते कळवावं. प्रती: कांदळवन कक्ष, कोकण विभागीय आयुक्त, प्रदूषण नियंत्रण मंडळ. याला 'नोंद घेतली' लिहून भागत नाही. कुणाला तरी जागेवर जावं लागतं, पाहणीचा अहवाल करावा लागतो, आणि तो अहवाल एकदा फाइलमध्ये लागला की पुढच्या अधिकाऱ्याला तो नाही असं समजून सही करता येत नाही. माहिती अधिकारात तो बाहेर येतो, याचिकेला जोडला जातो.

जिथे जनसुनावणी होते तिथेही हेच लागू पडतं. सुनावणी म्हणजे मतदान नसतं. किती हात वर झाले हे तिथे मोजलं जात नाही. मांडलेले मुद्दे आणि त्यांना प्रकल्पवाल्याने दिलेली उत्तरं तज्ज्ञ समितीकडे जातात. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात सांगितलं की लोकांच्या हरकतींचा समितीने विचार केला पाहिजे आणि तो केल्याची कारणं इतिवृत्तात दिसली पाहिजेत. त्यामुळे ठोस हरकत ही पुढच्या अपिलाचा पाया ठरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे मंजुरीविरुद्ध अपील करायला ३० दिवस असतात, कारण पटलं तर आणखी ६० दिवस. ते संपल्यावर कितीही मोठा मोर्चा काढला तरी अपिलाचा हक्क परत मिळत नाही.

मिळालं ते आणि राहिलं ते

राज्य सरकारने संबंधित खात्यांची समिती नेमली. ऐरोलीचे आमदार गणेश नाईक यांनी तलावाच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला, पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्याचं काम झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणूक झाली आणि डिसेंबरमध्ये नाईक राज्याचे वनमंत्री झाले. निवडणुकीचं वर्ष होतं म्हणून हे झालं, असं म्हणणारे आहेत. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. लोकप्रतिनिधी तलावावर आला तेव्हा त्याच्या हातात द्यायला नकाशे, फोटो, बीएनएचएसचा अभ्यास आणि न्यायालयाचे आदेश तयार होते. ते नसते तर भेट झाली असती, फोटो आले असते आणि मोरी तशीच राहिली असती.

एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलाव संवर्धन राखीव म्हणून घोषित करायला मान्यता दिली. शहराच्या मधोमध, ज्या भूखंडाची किंमत प्रत्येक बिल्डरच्या तोंडपाठ असेल अशा जागेवर हा निर्णय झाला, हे लहान यश नाही. निर्णय पर्यावरण मंजुरीच्या साखळीतून आलेला नाही, हेही पाहण्यासारखं आहे. विरोधाने प्रकल्पाची मंजुरी रद्द करवली नाही. त्याने जमीनच दुसऱ्या कायद्याखाली नेली. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६ अ मध्ये अभयारण्याला लागून असलेली सरकारी मालकीची जमीन, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, संवर्धन राखीव करता येते. ही वाट इतर शहरांतल्या आंदोलनांनी जरूर अभ्यासावी. रक्षणाचा दर्जा असलेल्या जागेवर उद्या कुणी प्रकल्प आणला, तर 'इथे नुकसान होतं' हे लोकांनी सिद्ध करत बसायचं नाही, 'इथे काम का करायचं' हे त्याने सिद्ध करायचं.

राहिलं तेही बरंच आहे. जेट्टी उभी राहिली. २०२५ च्या सुरुवातीला तलावावर शेवाळ दाटल्याच्या तक्रारी पुन्हा आल्या, कारण पाण्याची वाट एकदा मोकळी करून भागत नाही, ती दर भरतीला चालू राहावी लागते. आणि हा दर्जा एका तलावाचा आहे. पक्षी मात्र तीन-चार जागा मिळून एक जागा मानतात.

विमानतळाचं उदाहरण इथे आठवतं. नवी मुंबई विमानतळाला नोव्हेंबर २०१० मध्ये, जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना, ३२ अटींसह मंजुरी मिळाली. पर्यावरणवाद्यांचा विरोध तेव्हा वर्षानुवर्षं चालू होता. विमानतळ थांबला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. पण मूळ आराखड्यात गाढी आणि उलवे या दोन्ही नद्या वळवायच्या होत्या, त्यातली गाढी वाचली. उलवे वळवली गेली, उलव्याची टेकडी सपाट झाली. मोठ्या प्रकल्पांत विरोधाचा ठसा मंजुरीला नकार म्हणून क्वचितच दिसतो, तो अटींमध्ये दिसतो. म्हणून मंजुरीचं पत्र आलं की 'हरलो' म्हणून घरी जाणं मला सगळ्यात महाग पडणारी गोष्ट वाटते. दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, तो मागून वाचणं आणि जागेवर पडताळणं ही आंदोलनाची दुसरी पाळी आहे. ती पाळी करायला फार कमी लोक उरतात.

उलट टोकाला मुंबईतलं आरे आहे, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली गेली ते. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं तोवर २,१४१ झाडं गेली होती. लोक हजारोंनी होते, तुरुंगात गेले, मनापासून लढले. त्यांच्या हातात त्या रात्रीपुरती स्थगिती नव्हती. नेरूळला पाणी अडलं तरी ते परत सोडता आलं. कापलेलं झाड परत उभं करता येत नाही, म्हणून झाडांच्या प्रकरणात अंतरिम स्थगितीचा अर्ज मोर्चाच्या आधी तयार असायला हवा.

सारसोळेची खुर्ची

या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट मला खटकत राहते. आंदोलनाचा चेहरा सीवूड्स-नेरूळच्या सोसायट्यांचा राहिला. कॅमेरा फ्लेमिंगोवर गेला आणि ते साहजिक आहे, गुलाबी थवा उडाला की कुणाचाही श्वास अडकतो. पण त्याच चिखलात निवट्या असतात, चिंबोऱ्या असतात, आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं असतात. पाणी कुठून येतं, कोणत्या भांगाला (कमी जोराच्या भरतीला) ते चढत नाही, कोणत्या वर्षी कोणता नाला बुजला, हे सारसोळेच्या कोळ्यांइतकं कोणत्याही सल्लागार कंपनीला माहीत नाही. २००६ च्या अधिसूचनेने वगळलेल्या जनसुनावणीत हेच लोक बोलले असते.

संवर्धन राखीव क्षेत्रासाठी कलम ३६ ब प्रमाणे एक व्यवस्थापन समिती करायची असते. तिच्यात वन विभागाचा प्रतिनिधी, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्याचे प्रतिनिधी असतात. नेरूळमध्ये ग्रामपंचायत नाही, महापालिका आहे. म्हणजे गावाची खुर्ची इथे आपोआप रिकामी राहते आणि कोळ्यांना बसायला जागा उरते ती फक्त संस्थांच्या तिघांत, तीही कुणी बोलावलं तर. ज्यांनी साखळीत हात धरले त्या सगळ्या संस्थांनी आता एकत्र येऊन ही मागणी लेखी करायला हवी: समितीत सारसोळेच्या मच्छीमारांचा माणूस घ्या, आणि व्यवस्थापन आराखड्यात तलावात पाणी आणणारी प्रत्येक मोरी नकाशावर दाखवून ती साफ ठेवायची जबाबदारी कोणत्या खात्याची आणि पैसा कुणाचा, ते लिहा. एनआरआय आणि चाणक्य या दोन जागांसाठी हाच दर्जा मागणारं निवेदन त्याच पाकिटात जाऊ शकतं.